उभ्या वाहनातील बॅटरीची निगा

दीर्घकाळ न चालविता उभ्या राहिलेल्या मोटारगाडी, ट्रॅक्टर, मालमोटार, बस इत्यादी वाहनांच्या बॅटरीतील प्रभार टिकून राहावा म्हणून जी काळजी घेतली जाते, तिला उभ्या वाहनातील बॅटरीची निगा असे म्हणता येईल. वाहन वापरात नसले तरी त्याची बॅटरी हळूहळू उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत ती बराच काळ तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांत घडणारे बदल पुढे पूर्णपणे भरून निघत नाहीत आणि चांगली बॅटरीही अकाली निकामी होते. बोलीभाषेत यालाच ‘बॅटरी उतरणे’, ‘बॅटरी बसणे’ किंवा ‘बॅटरी डाऊन होणे’ म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात हंगामी ऊस वाहतूक, शेतीची यंत्रे आणि तीर्थक्षेत्रांकडे जाणारी प्रवासी वाहतूक मोठ्या प्रमाणावर होत असल्याने या विषयाला तेथे विशेष व्यावहारिक महत्त्व आहे.

रचना व कार्य

बहुतेक वाहनांत शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी असते. हा पुनःप्रभारणक्षम विद्युतघट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरात आणल्या आणि त्यानंतर तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला. तेव्हापासून हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत मागे पडत गेली व बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग बनला.

१२ व्होल्टच्या बॅटरीत एकसरीत जोडलेले सहा घट असतात. पूर्ण प्रभारित घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते, म्हणून संपूर्ण बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट भरते. घटाची धन पट्टी लेड डायऑक्साइडची व ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असून दोन्ही विरल सल्फ्युरिक आम्लात (गंधकाम्लात) बुडलेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल अधिकाधिक पाणीदार होत जाते. प्रभारण करताना याच्या उलट क्रिया घडते. आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरली आहे हे कळते, त्याचे कारण हेच.

मोटारगाड्या व ट्रॅक्टर यांत सामान्यतः १२ व्होल्टची यंत्रणा असते, तर मालमोटारी व मोठ्या बसगाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवितात. इंजिन चालू असताना आल्टरनेटर हे जनित्र सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट विभवांतराने बॅटरी भरत राहते. वाहन उभे राहिले की ही भरती थांबते, पण उतार चालूच राहतो.

प्रभार कमी होण्याची कारणे

*आपोआप होणारा उतार.* बॅटरीला काहीही जोडलेले नसले तरी तिच्या आतील मंद रासायनिक क्रियांमुळे प्रभार कमी होतो. पट्ट्यांच्या जाळीत अँटिमनी मिसळलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांत हा उतार जास्त, तर कॅल्शियम मिश्रधातूच्या आधुनिक बॅटऱ्यांत बराच कमी असतो. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की या उताराचा वेग साधारणपणे दुप्पट होतो.

*वाहनाची छुपी मागणी.* किल्ली काढून घेतल्यावरही घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, दूरनियंत्रित कुलूप, संगीत-यंत्रणेची स्मृती व इंजिनाचा नियंत्रक संगणक ही उपकरणे थोडी धारा घेत असतात. आधुनिक मोटारीत ही धारा साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असते. नंतर बसविलेले मार्गशोधक उपकरण किंवा कॅमेरा असल्यास ती आणखी वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटला तरी हिशेब वेगळेच सांगतो. २५ मिलिअँपिअर धारेने दिवसाला ०.६ अँपिअर-तास, म्हणजे ३० दिवसांत १८ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीतील बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर महिन्याभरात ती निम्म्याहून अधिक रिकामी होते. धारा ५० मिलिअँपिअर असल्यास ३६ अँपिअर-तासांची मागणी होते, म्हणजे महिना पुरा होण्याच्या सुमारास बॅटरी जवळजवळ संपते.

*मळ व ओल.* बॅटरीच्या माथ्यावर धूळ, ओल व आम्लाचे शिंतोडे साचल्यास दोन अग्रांमध्ये अल्प धारा वाहण्यास वाट मिळते. अग्रांवर जमणारी पांढरी किंवा हिरवट-निळी पूड जोडणी कमकुवत करते. परिणामी बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर फिरत नाही.

*राहून गेलेले दिवे.* आतील दिवा, डिकीचा दिवा किंवा उभ्या गाडीचे दिवे चालू राहिल्यास काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बॅटरी उतरते.

सल्फेटीकरण

वीज देताना पट्ट्यांवर तयार होणारे लेड सल्फेट सुरुवातीस बारीक कणांच्या रूपात असते व प्रभारण होताच विरघळून जाते. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडे-महिने राहिली, तर या कणांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात. ते पट्ट्यांची छिद्रे बुजवितात आणि पुढील प्रभारणात सहजासहजी विरघळत नाहीत. या क्रियेस सल्फेटीकरण म्हणतात. तिच्यामुळे बॅटरीची क्षमता घटते व अंतर्गत रोध वाढतो. अशी बॅटरी चार्जरला लावल्यावर लवकर ‘भरली’ असे दाखवते, पण स्टार्टरचा भार पडताच तिचे विभवांतर कोसळते.

त्यामुळे देखभालीचे मूळ तत्त्व एकच ठरते. बॅटरी उतरल्यावर ती भरण्यापेक्षा ती उतरूच न देणे हितावह असते.

प्रभार मोजण्याच्या पद्धती

वाहन किमान काही तास, शक्यतो रात्रभर बंद ठेवून मल्टीमीटरने दोन अग्रांमधील विभवांतर मोजावे. इंजिन नुकतेच बंद केले असल्यास आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात, तिच्या प्रत्येक घटातील आम्लाची सापेक्ष घनता हायड्रोमीटरने मोजता येते. पुढील आकडे सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानास लागू होतात. उत्पादकागणिक त्यांत थोडा फरक पडतो.

| विभवांतर (व्होल्ट) | सापेक्ष घनता | प्रभार |
|---|---|---|
| १२.६ किंवा अधिक | १.२६५ | पूर्ण |
| १२.४ | १.२२५ | सुमारे ७५ टक्के |
| १२.२ | १.१९० | सुमारे ५० टक्के |
| १२.० | १.१५५ | सुमारे २५ टक्के |
| ११.९ किंवा कमी | १.१२० | जवळजवळ शून्य |

आकडा १२.४ व्होल्टच्या खाली गेला की प्रभारण करावे, हा व्यवहारात पाळण्याजोगा नियम आहे. सहांपैकी एकाच घटाची घनता इतरांपेक्षा बरीच कमी भरत असेल, तर तो घट बिघडल्याची शक्यता असते. अशी बॅटरी केवळ प्रभारणाने सुधारत नाही.

निगा राखण्याचे उपाय

*वाहन चालविणे.* आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर वाहन चालविणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्यामुळे टायर, ब्रेक व इंजिनातील तेल यांनाही लाभ होतो. दारात उभ्या गाडीचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवण्याचा प्रघात मात्र अपुरा आहे. इंजिन एकदा सुरू करण्यास लागणारी वीज फार नसते. स्टार्टरने ३ सेकंद १५० अँपिअर धारा घेतली, तरी खर्च सुमारे ०.१२५ अँपिअर-तास इतकाच होतो आणि तो काही मिनिटांत भरून निघतो. परंतु महिनाभरात घटलेले १८ अँपिअर-तास भरण्यास सरासरी ६ अँपिअर धारा मिळाली, तरी तीन तास लागतात. शिवाय बॅटरी भरत येते तशी ती धारा कमी स्वीकारते. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचून जिवावर बेतू शकते.

*अग्र सोडविणे.* वाहन महिनाभर किंवा अधिक काळ उभे राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून तिचे ऋण अग्र सोडवून ठेवावे. यामुळे वाहनाची छुपी मागणी थांबते. केवळ आपोआप होणारा उतार शिल्लक राहतो. सोडविताना प्रथम ऋण व नंतर धन, आणि जोडताना प्रथम धन व नंतर ऋण हा क्रम पाळावा. वाहनाचा धातूचा सांगाडा ऋण अग्राशी जोडलेला असतो. धन अग्राचा नट आधी सैल करताना पाना सांगाड्याला टेकला, तर थेट लघुमंडल होऊन ठिणग्या उडतात. अग्र सोडविल्याने घड्याळ व रेडिओची जुळणी पुसली जाते. काही गाड्यांत खिडक्यांच्या काचा व संगीत-यंत्रणेचा संकेतांक पुन्हा द्यावा लागतो. म्हणून आधी वाहनाची पुस्तिका पाहावी. अनेक मालमोटारींत व ट्रॅक्टरांत यासाठी बॅटरीजवळ मुख्य खटका बसविलेला असतो.

*प्रभारण यंत्र.* साध्या चार्जरने भरताना बॅटरीच्या अँपिअर-तास क्षमतेच्या सुमारे एक-दशांश धारा सुरक्षित मानतात. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस सुमारे ३.५ अँपिअर असे हे प्रमाण आहे. साधा चार्जर भरती पूर्ण झाल्यावर काढावाच लागतो, अन्यथा पाणी आटून पट्ट्या खराब होतात. स्वयंचलित चार्जर बॅटरी भरल्यावर विभवांतर आपोआप सुमारे १३.२ ते १३.६ व्होल्टपर्यंत उतरवून केवळ झालेली झीज भरून काढतो. त्यामुळे तो दीर्घकाळ जोडून ठेवता येतो. बंदिस्त प्रकारच्या बॅटरीसाठी उत्पादकाने सांगितलेली विभवांतराची मर्यादा ओलांडू नये.

*सौर पट्टी.* वीजजोडणी नसलेल्या शेडमध्ये किंवा शेतावर उभ्या वाहनासाठी छपरावर ५ ते १० वॅटची सौर पट्टी बसविता येते. १० वॅटच्या पट्टीला पाच तास चांगले ऊन मिळाल्यास, तूट धरूनही, दिवसाला दोन-तीन अँपिअर-तास मिळू शकतात. छुपी मागणी भागविण्यास ते पुरेसे होतात. रात्री बॅटरीतून पट्टीकडे उलट धारा वाहू नये म्हणून मधे डायोड किंवा प्रभार-नियंत्रक असावा. सिगारेट-लायटरच्या खोबणीतून जोडणी करावयाची असल्यास, किल्ली काढल्यावर ती खोबणी बॅटरीशी जोडलेली राहते की नाही, हे पाहून घ्यावे. कित्येक गाड्यांत ती तुटते आणि भरती होतच नाही.

*पाणी.* झाकणाच्या बॅटरीत पट्ट्या नेहमी द्रवाखाली बुडालेल्या असाव्यात. पातळी कमी झाल्यास केवळ ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालावे, आम्ल घालू नये. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना घातक ठरतात. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरतेच पाणी घालून प्रभारण करावे व उरलेली पातळी नंतर पूर्ण करावी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे करण्यात आले. सहकारी साखर कारखानदारीत जिल्ह्याचे स्थान अग्रगण्य आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीजवळ प्रवरानगर येथे उभारलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात अहोरात्र धावणारी ऊस वाहतुकीची वाहने व ऊसतोडणी यंत्रे हंगाम संपताच विसावतात. ज्या ट्रॅक्टरांना मशागतीचे काम मिळते त्यांच्या बॅटऱ्या भरत्या राहतात. निव्वळ ऊस वाहतुकीसाठी किंवा तोडणीसाठी ठेवलेली यंत्रे मात्र पाच-सहा महिने उभी असतात. हा विश्रांतीचा काळ नेमका एप्रिल-मेच्या कडक उन्हात सुरू होतो, तेव्हा दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उष्णतेने उतार वाढतो व पाणी आटते. म्हणून बॅटरी हंगामाच्या अखेरीसच पूर्ण भरून, ऋण अग्र सोडवून किंवा बॅटरी काढून सावलीत ठेवणे आणि दर महिन्या-दीड महिन्याने तपासणे इष्ट ठरते. ही काळजी न घेतल्यास त्याचा फटका हंगामाच्या पहिल्याच दिवशी बसतो. तोडणीची टोळी फडात उभी राहते, ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि नवीन बॅटरीचा खर्च पहिल्या खेपेची कमाई हाती येण्याआधीच करावा लागतो.

करोना महासाथीच्या काळात हा प्रश्न प्रवासी वाहनांनाही भेडसावू शकेल अशी परिस्थिती निर्माण झाली. शिर्डी येथील साईबाबा मंदिर १७ मार्च २०२० पासून दर्शनासाठी बंद करण्यात आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मंदिर १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडले. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये बंद झालेले मंदिर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी खुले झाले. भाविकांच्या ये-जा करण्यावर चालणाऱ्या भाड्याच्या मोटारींना व खासगी बसगाड्यांना या दोन्ही कालखंडांत काम उरले नव्हते.

महाराष्ट्राच्या राज्य परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. या सेवेच्या कर्मचाऱ्यांचा ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळात राज्यभर असंख्य बसगाड्या आगारांत उभ्या होत्या. २४ व्होल्टची यंत्रणा असलेल्या बसमध्ये दोन बॅटऱ्यांपैकी एक जरी खराब झाली तरी दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून अशा वाहनांत जोडीतील दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात.

अहिल्यानगर शहरात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही चिलखती दलाची प्रशिक्षण संस्था आहे. जुन्या रणगाड्यांचे संग्रहालय शहरात १९९४ पासून आहे. शहरातील औद्योगिक वसाहतीत एक्साइड इंडस्ट्रीज या कंपनीचा बॅटरी उत्पादनाचा कारखानाही आहे.

क्वचितच चालणाऱ्या, पण हाक येताच सुरू व्हाव्याच लागणाऱ्या साधनांत बॅटरीची निगा सर्वाधिक मोलाची ठरते. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि रुग्णालयातील विद्युत-जनित्र ही त्याची उदाहरणे होत. जनित्राची बॅटरी सामान्यतः वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या छोट्या चार्जरने भरती ठेवली जाते. हा चार्जर बंद पडला, तर ते प्रत्यक्ष वीज गेल्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अशा बॅटरीचे विभवांतर ठरावीक दिवशी मोजून वहीत नोंदविण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

उतरलेल्या बॅटरीचे वाहन सुरू करणे

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीचा आधार घेताना दोन्ही यंत्रणा समान व्होल्टच्या असाव्यात. १२ व्होल्टच्या मोटारीस २४ व्होल्टच्या मालमोटारीची जोडणी दिल्यास मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास जोडावी.
२. लाल तारेचे दुसरे टोक भरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास जोडावे.
३. काळी तार भरलेल्या बॅटरीच्या ऋण अग्रास जोडावी.
४. काळ्या तारेचे दुसरे टोक बंद वाहनाच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावे.

इंजिन सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीजवळ करीत नाहीत. हाताने गिअर बदलण्याच्या वाहनात ‘धक्का स्टार्ट’ शक्य असतो. परंतु इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत बॅटरी पूर्ण संपली असेल, तर तो निष्फळ ठरतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत ही पद्धत वापरू नये. वाहन सुरू झाले म्हणजे बॅटरी भरली असे होत नाही. त्यानंतर चार्जरने पूर्ण प्रभारण करणे आवश्यक असते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिवे, कुलूप व नियंत्रक यंत्रणांसाठी बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरल्यास मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

सुरक्षितता

प्रभारण होत असताना बॅटरीतून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत सुमारे ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून प्रभारण हवेशीर जागी करावे, जवळ विडी-सिगारेट ओढू नये व पातळी पाहण्यासाठी काडी पेटवू नये. चार्जरचे चिमटे लावताना व काढताना चार्जर बंद असावा. हातातील अंगठी, कडे व धातूचा घड्याळपट्टा आधी काढून ठेवावा. आम्ल त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे. डोळ्यांच्या बाबतीत त्यानंतर विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. अग्रांवरील पूड खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने निघते, मात्र हे द्रावण घटांत शिरू देऊ नये. अग्र स्वच्छ झाल्यावर त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावतात.

प्रचलित समजुती

बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, अशी समजूत ग्रामीण भागात दृढ आहे व त्यासाठी खाली लाकडी फळी घालतात. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कठीण रबराची असे. ओलसर फरशीवर अशा पेटीतून अल्प धारा झिरपणे शक्य होते. आजच्या प्लास्टिकच्या पेटीस हे लागू पडत नाही. फळीने नुकसान काहीच होत नाही, पण फळीवर ठेवलेली बॅटरीही आपोआप उतरतेच. ‘देखभालमुक्त’ या शब्दामुळेही गैरसमज होतो. अशा बॅटरीत पाणी घालावे लागत नाही इतकाच त्याचा अर्थ आहे, प्रभारणाची गरज तिलाही असते.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

बॅटरीतील शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. जुनी बॅटरी घरी फोडणे, तिच्यातील आम्ल जमिनीवर किंवा ओढ्यात ओतणे आणि शिसे उघड्यावर वितळविणे घातक आहे. भारतात यासंबंधी २००१ मध्ये नियम करण्यात आले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन बॅटरी घेताना विक्रेते जुनी परत घेऊन किमतीत सूट देतात. शिशाचा मोठा भाग पुन्हा वापरता येत असल्याने जुनी बॅटरी भंगारात न विकता अधिकृत विक्रेत्याकडे देणे योग्य ठरते.